डेटाबेसवर सही कोणाची?

२० मार्च २०२४ रोजी रेडिस कंपनीने जाहीर केलं, की ७.४ पासून पुढे रेडिसची कोणतीही आवृत्ती बीएसडी परवान्याखाली निघणार नाही. कॅश, लॉगिनची सेशन्स, मागे चालणाऱ्या कामांच्या रांगा यांसाठी पंधरा वर्षं जगभरच्या वेबसाइट्सनी निर्धास्तपणे वापरलेला हा डेटाबेस एका घोषणेने ओपन सोर्सच्या मान्य व्याख्येबाहेर गेला. आठ दिवसांनी लिनक्स फाउंडेशनने त्याच कोडचा फोर्क जाहीर केला. त्याचं नाव वाल्की. पाठीशी ॲमेझॉन, गूगल क्लाउड, ओरॅकल, एरिक्सन आणि स्नॅप. पुढच्या वर्षी, १ मे २०२५ ला, रेडिस कंपनीने आठव्या आवृत्तीला एजीपीएल हा ओपन सोर्स परवाना देऊन माघार घेतली. तोवर फेडोराने आपल्या पॅकेजांतून रेडिस काढून त्या जागी वाल्की बसवलेलं होतं.

या धामधुमीत पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या कोणाची झोप उडाली नाही. आणि प्रश्न इथेच सुरू होतो, कारण रेडिसचा जुना परवाना आणि पोस्टग्रेसचा परवाना यांत फारसा फरक नाही. दोन्ही अत्यंत उदार आहेत: कोड घ्या, बदला, विका, हवं तर बंद करून विका, फक्त मूळ सूचना जागेवर राहू द्या. तरीही एक प्रकल्प एका कंपनीच्या निर्णयाने फिरला आणि दुसरा तसा फिरवता येत नाही. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत डेटाबेसच्या जगात जे परवानाबदल झाले ते ओळीने तपासले, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. डेटाबेस निवडताना आपण परवाना वाचतो, पण तो बदलणारी सही कोणाच्या हातात आहे हे पाहत नाही.

याचं पहिलं मोठं प्रकरण मायएसक्यूएलचं. १९९५ मध्ये स्वीडनमध्ये मायकेल विडेनियस, डेव्हिड ॲक्समार्क आणि ॲलन लार्सन यांनी ते सुरू केलं. २००० मध्ये त्याला जीपीएल लागू झाला. जीपीएल म्हणजे कोड बदलून वितरित केलात तर तोही खुला करा असं बजावणारा कडक परवाना. त्यामुळे वापरणाऱ्यांना वाटत होतं की हे सॉफ्टवेअर कायमचं सुरक्षित झालं. पण कंपनीचा धंदा वेगळ्याच पायावर उभा होता. मायएसक्यूएलचा सगळा कॉपीराइट कंपनीकडे होता. बाहेरून कोणी पॅच दिला तरी त्याचे हक्क करारानेच कंपनीकडे जात. म्हणून तोच कोड जगाला जीपीएलखाली फुकट आणि ज्यांना जीपीएल नको त्यांना पैसे घेऊन दुसऱ्या परवान्याखाली, असं दुहेरी दुकान चालवता आलं.

जानेवारी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ओरॅकलने सनच विकत घेण्याचा करार केला. जगातला सर्वांत मोठा ओपन सोर्स डेटाबेस जगातल्या सर्वांत मोठ्या बंद डेटाबेसच्या मालकाकडे जाणार होता. युरोपीय आयोगाने सखोल चौकशी लावली, विडेनियस यांनी या व्यवहाराविरुद्ध जाहीर मोहीम उघडली, ओरॅकलने डिसेंबर २००९ मध्ये दहा जाहीर वचनं दिली आणि जानेवारी २०१० मध्ये आयोगाने मंजुरी दिली. जीपीएलचं एक अक्षरही या काळात बदललं नाही. बदलले ते सही करणारे हात.

ओरॅकलने मायएसक्यूएल मारून टाकलं, असं म्हणणारे बरेच भेटतात. ते खरं नाही. ५.६, ५.७ आणि २०१८ ची ८.० या आवृत्त्या तांत्रिकदृष्ट्या भक्कम होत्या. विंडो फंक्शन्स, सीटीई आणि व्यवहारसुरक्षित डेटा डिक्शनरी ८.० मध्येच आली. पण २०१२ च्या सुमारास सुरक्षेच्या दोषांवरच्या चाचण्या प्रसिद्ध करणं थांबलं आणि काही उपयोगी सोयी फक्त पैशाच्या आवृत्तीत राहिल्या. परवाना मोडल्याशिवायही एखादा प्रकल्प हळूहळू किती बंद करता येतो, हे मायएसक्यूएलवरून कळतं.

विडेनियस यांनी २००९ मध्ये मारियाडीबी हा फोर्क सुरू केला. रेड हॅटने सातव्या आवृत्तीत आणि डेबियनने नवव्या आवृत्तीत मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी आणलं. विकिपीडियाही २०१३ मध्ये तिकडे गेलं. इथे एक बारकावा आहे. मूळ कोडचे हक्क ओरॅकलकडे असल्यामुळे मारियाडीबीला सर्व्हरचा परवाना बदलणं शक्य नाही; त्यांना जीपीएलमध्येच राहावं लागतं. मारियाडीबी कॉर्पोरेशन २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, तिथे तिची दुर्दशा झाली आणि २०२४ मध्ये के-वन या गुंतवणूक कंपनीने ती विकत घेऊन बाजारातून काढली. हे सगळं होत असताना सर्व्हरचा कोड जीपीएलखालीच राहिला, आणि २०१२ मध्ये स्थापन झालेलं मारियाडीबी फाउंडेशनही आपल्या जागी होतं. कंपनी हेलकावे खात असताना प्रकल्प बुडाला नाही, तो या रचनेमुळे.

जीपीएलचा खरा जोर पाहायचा तर लिनक्स कर्नलकडे पाहावं. तिथे कॉपीराइट हजारो लोकांत आणि कंपन्यांत विखुरलेला आहे, हक्क सोपवण्याचा करार नाही. परवाना बदलायचा तर त्या सगळ्यांची संमती लागेल. कडक परवाना आणि विखुरलेले हक्क ही जोडी असेल तर कुलूप पक्कं. कडक परवाना पण हक्क एका हाती, तर कुलपाची किल्ली एका खिशात.

मोंगोडीबीची किल्ली अशीच एका खिशात होती. २००९ पासून ते एजीपीएलखाली मिळत होतं आणि योगदान देणाऱ्यांना करारावर सही करावी लागत होती. १६ ऑक्टोबर २०१८ रोजी कंपनीने स्वतः लिहिलेला एसएसपीएल हा परवाना लावला. त्याचं तेरावं कलम कळीचं आहे. मोंगोडीबी सेवा म्हणून तिसऱ्याला विकणाऱ्याने फक्त डेटाबेसचा कोड खुला करून भागत नाही. ती सेवा चालवण्यासाठी लागणारं व्यवस्थापन, देखरेख, बॅकअप, होस्टिंग असं सगळं सॉफ्टवेअर त्याच परवान्याखाली उघडं करावं लागतं. प्रत्यक्षात कोणतीही क्लाउड कंपनी हे करू शकत नाही, आणि तोच हेतू होता. मोंगोडीबीने हा परवाना ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे मान्यतेसाठी दिला आणि मार्च २०१९ मध्ये अर्ज मागे घेतला. डेबियन, फेडोरा आणि रेड हॅटने मोंगोडीबीला आपल्या संग्रहातून वगळलं. ॲमेझॉनने जानेवारी २०१९ मध्ये मोंगोडीबीच्या ३.६ आवृत्तीसारखी भाषा बोलणारी डॉक्युमेंटडीबी ही स्वतःची सेवा आणली.

कंपन्यांची बाजू इथे नीट ऐकून घ्यायला हवी, कारण ती खोटी नाही. इलॅस्टिकसर्चचं उदाहरण घ्या. ॲमेझॉनने २०१५ मध्ये सेवा सुरू केली तिचं नावच ॲमेझॉन इलॅस्टिकसर्च सर्व्हिस. कोड दुसऱ्याचा, नाव दुसऱ्याचं आणि बिल ॲमेझॉनचं. इलॅस्टिकने ट्रेडमार्कसाठी कॅलिफोर्नियात दावा लावला. तो २०२२ मध्ये मिटला आणि त्याआधीच ॲमेझॉनने नाव बदललं होतं. ज्या गटाने वर्षानुवर्षं पगार देऊन शोध-इंजिन बांधलं, त्याला क्लाउडच्या कमाईतला वाटा मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे. जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिकने ७.११ पासून अपाची परवाना सोडला, तेव्हा हेच कारण दिलं.

पण याच कंपनीने २०१८ मध्ये अपाची परवान्याखालच्या कोडचा परवाना कधीही बदलणार नाही, असा जाहीर शब्द दिला होता. रेडिस कंपनीनेही त्याच वर्षी रेडिसचा गाभा कायम बीएसडी राहील असं सांगितलं होतं. ज्यांनी हे शब्द दिले त्यांच्या मनात तेव्हा खोट होती असं मी मानत नाही. जाहीर निवेदन हा करार नसतो. भागधारक बदलतात, बाजार बदलतो आणि पुढच्या संचालक मंडळावर आधीच्या निवेदनाचं बंधन राहत नाही. या शब्दांच्या भरवशावर ज्यांनी आपल्या उत्पादनाची रचना केली, त्यांचं नुकसान मात्र खरं असतं.

इलॅस्टिकच्या निर्णयानंतर आठवड्याभरात ॲमेझॉनने फोर्क जाहीर केला; ओपनसर्चची १.० आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. काम करणाऱ्या डेव्हलपरला सर्वांत झोंबलेली गोष्ट मात्र वेगळी होती. त्याच सुमारास इलॅस्टिकच्या अधिकृत क्लायंट लायब्रऱ्या समोरचा सर्व्हर आपलाच आहे का हे तपासू लागल्या आणि नसेल तर जोडणी नाकारू लागल्या. एका साध्या पॅकेज अपडेटने चालू शोध बंद पडू शकत होता. परवान्याची लढाई थेट प्रॉडक्शनपर्यंत पोहोचली ती अशी. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएलचा पर्याय जोडला, आणि महिन्याभरात ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं. आता दोन्ही ओपन सोर्स आहेत, पण कोड, प्लगिन आणि वापरणारे मात्र कायमचे विभागले गेले.

रेडिसची कथा यापुढची. सिसिलीच्या साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी ते २००९ मध्ये सुरू केलं. नावाचा ट्रेडमार्क २०१८ मध्ये रेडिस लॅब्सकडे, म्हणजे आजच्या रेडिस कंपनीकडे गेला. २०२० च्या जूनमध्ये सान्फिलिप्पो देखभालीतून बाजूला झाले आणि पाच जणांचा गट नेमला गेला: तिघे रेडिस लॅब्सचे, एक ॲमेझॉनच्या मॅडलिन ओल्सन आणि एक अलीबाबाचे. कागदावर हा बहुपक्षीय कारभार वाटतो. २०२४ मध्ये कळलं की परवान्यासारख्या प्रश्नावर हा गट निर्णय घेणारा नव्हताच. निर्णय कंपनीचा होता, कारण नाव, रिपॉझिटरी आणि बहुमत तिच्याकडे होतं. बीएसडी परवाना असल्याने कोणाच्या कॉपीराइटची परवानगीही लागली नाही: उदार परवान्याखालचा कोड कोणालाही आपल्या नव्या, बंदिस्त कामात घेता येतो. त्याच उदारपणामुळे वाल्कीही उभं राहू शकलं. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून ७.२.४ पर्यंतचं रेडिस आजही बीएसडीच आहे, आणि ओल्सन व इतरांनी तिथूनच सुरुवात केली.

वाल्कीचं पुढे काय झालं हे बघण्यासारखं आहे, कारण फोर्क म्हणजे थकून विरून जाणारा प्रकार हा समज त्याने खोडला. सप्टेंबर २०२४ मध्ये ८.० आली, नेटवर्कचं काम अनेक थ्रेडवर वाटण्याची पद्धत त्यात नव्याने बांधली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ९.० आली. ॲमेझॉनने आपल्या सेवेत वाल्कीचे दर रेडिसपेक्षा २० टक्क्यांनी, आणि सर्व्हरलेस प्रकारात ३३ टक्क्यांनी कमी ठेवले. यात परोपकार शोधू नये. क्लाउड कंपन्यांना परवाना-फी न देता विकता येणारं उत्पादन हवं होतं, आणि त्यांचा तो स्वार्थ या वेळी वापरणाऱ्यांच्या हिताशी जुळला. तिकडे सान्फिलिप्पो २०२४ च्या अखेरीस रेडिसमध्ये परतले, व्हेक्टर सेट्स ही नवी रचना लिहिली आणि एजीपीएलकडे परतण्याचा आग्रह आतून धरला. एका माणसाच्या परतण्याने एवढा फरक पडतो, हे त्या प्रकल्पाचं बळ आहे आणि दुबळेपणही.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. बीएसएल हा परवाना मारियाडीबीच्या घरातच जन्मला आणि २०१६ मध्ये मॅक्सस्केलला लागला: कोड दिसतो, काही वापर निषिद्ध असतात आणि जास्तीत जास्त चार वर्षांनी ती आवृत्ती ओपन सोर्स होते. कॉक्रोचडीबीने २०१९ मध्ये तो घेतला आणि २०२४ मध्ये तोही सोडून एकच व्यापारी परवाना ठेवला. वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी महसूल असलेल्यांना फुकट, पण टेलिमेट्री चालू ठेवण्याच्या अटीवर. डेटाबेसबाहेर, हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मला बीएसएल लावला आणि त्यातून ओपनटोफू निघालं. सिलाडीबीने २०२४ च्या डिसेंबरमध्ये एजीपीएल सोडला. उलट्या दिशेने गेलेलं ठळक नाव युगाबाइटचं: २०१९ मध्ये त्यांनी आधी बंद ठेवलेल्या सोयीही अपाची परवान्याखाली खुल्या केल्या.

आता पोस्टग्रेस. १९८६ मध्ये बर्कलेला मायकेल स्टोनब्रेकर यांच्या गटात हे संशोधन म्हणून सुरू झालं. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएल आणली आणि १९९६ मध्ये विद्यापीठाबाहेरच्या स्वयंसेवकांनी ते हाती घेऊन पोस्टग्रेएसक्यूएल असं नाव दिलं. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर पोस्टग्रेएसक्यूएल ग्लोबल डेव्हलपमेंट ग्रुप असं लिहिलेलं असतं. अशी कोणतीही नोंदणीकृत संस्था नाही. योगदान देणाऱ्याकडून हक्क सोपवण्याचा करार घेतला जात नाही. म्हणजे एखाद्या कंपनीला पोस्टग्रेस विकत घ्यायचं असेल, तर विकणारा असा कोणी नाही.

हे आपोआप झालेलं नाही. २००० मध्ये ग्रेट ब्रिज नावाची कंपनी पोस्टग्रेसवर धंदा करायला निघाली. तिने टॉम लेन, ब्रूस मॉमजियन, यान वीक अशी मातब्बर माणसं नोकरीला घेतली आणि सप्टेंबर २००१ मध्ये ती बंद पडली. प्रकल्प पुढे चालू राहिला. प्रकल्पाचा कारभार पाहणाऱ्या गाभा-गटातले निम्म्याहून जास्त लोक एका कंपनीचे असू नयेत हा संकेत तेव्हापासूनच्या अनुभवातून आला. त्याची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. एंटरप्राइझडीबीने सेकंडक्वाड्रंट ही कंपनी विकत घेतली आणि पाच जणांच्या गाभा-गटातले तिघे एकाच छताखाली आले. गटाने ही गोष्ट जाहीरपणे मांडली आणि नोव्हेंबरमध्ये आंद्रेस फ्रॉइंड व जोनाथन कॅट्झ यांना घेऊन संख्या सातवर नेली, म्हणजे एकाच कंपनीचं बहुमत राहिलं नाही. नियम लिहिलेला नव्हता, तरी पाळला गेला. मला या एका प्रसंगाचं मोल पोस्टग्रेसच्या कित्येक तांत्रिक सोयींपेक्षा अधिक वाटतं.

नावाचं राखणही असंच आहे. ट्रेडमार्क कॅनडातल्या एका ना-नफा संस्थेकडे ठेवलेला आहे. २०२१ मध्ये स्पेनमधल्या एका संस्थेने हेच नाव काही देशांत नोंदवण्याचा प्रयत्न केल्यावर गाभा-गटाने तो वाद उघड्यावर आणला. कोड कोणीही घेऊ शकतं आणि घेतलाही आहे: ॲमेझॉनचं रेडशिफ्ट पोस्टग्रेसच्या ८.० मालिकेतून निघालं, ग्रीनप्लमही त्याच मुळाचं. त्याने मूळ प्रकल्पाचं काही बिघडलं नाही, कारण पोस्टग्रेस हे नाव आणि मुख्य रिपॉझिटरीत कमिट करण्याचा हक्क त्यांच्यापैकी कोणाकडेच गेला नाही.

महाराष्ट्राचा या इतिहासात थेट वाटा आहे. एंटरप्राइझडीबीचं पुण्यात मोठं कार्यालय आहे, आणि त्या कंपनीत असताना पवन देवलासी यांनी लिहिलेलं हॉट हे काम फेब्रुवारी २००८ च्या ८.३ आवृत्तीत आलं. पोस्टग्रेसमध्ये रो बदलली की जुनीवर लिहिलं जात नाही. नवी प्रत तयार होते. पूर्वी त्या नव्या प्रतीसाठी टेबलावरच्या प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद पडायची, मग बदललेला कॉलम कोणत्याही इंडेक्समध्ये नसला तरी. सारख्या अपडेट होणाऱ्या टेबलांचे इंडेक्स त्यामुळे फुगत. हॉटमध्ये नवी प्रत त्याच पानावर मावत असेल आणि इंडेक्समधला कोणताही कॉलम बदललेला नसेल, तर इंडेक्सला हातच लावावा लागत नाही. जुनी प्रत नवीकडे बोट दाखवते आणि पान वाचता वाचता मृत प्रती साफ होतात. शेवटच्या लॉगिनची वेळ दर वेळी बदलणाऱ्या कोणत्याही ॲपला आजही याचा फायदा मिळतो. त्या वेळच्या कॉलमवर विचार न करता इंडेक्स लावला, की तो फायदा जातो. हे कळत नसलेले खूप प्रकल्प मी पाहिले आहेत.

वाल्की जाहीर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, २९ मार्च २०२४ ला, याच गाभा-गटातले फ्रॉइंड वेगळ्या कारणाने जगभर माहीत झाले. पोस्टग्रेसचा वेग मोजत असताना डेबियनच्या अस्थिर (सिड) आवृत्तीवर एसएसएच लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय हे त्यांच्या लक्षात आलं. मागोवा घेत ते एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत पेरलेल्या छुप्या दारापर्यंत पोहोचले. तिथे परवाना निर्दोष होता. कमिटचा हक्क एका थकलेल्या मेंटेनरकडून हळूहळू विश्वास कमावलेल्या भलत्या हातात गेला होता. सही कोणाची, हा प्रश्न परवान्याइतकाच सुरक्षेचाही आहे.

पोस्टग्रेसविषयी भाबडेपणा नको. कमिट करणारे जेमतेम काही डझन लोक आहेत आणि बहुतेकांचे पगार मोठ्या कंपन्या देतात. मे २०२५ मध्ये डेटाब्रिक्सने निऑन ही पोस्टग्रेसवरची कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, जूनमध्ये स्नोफ्लेकने तशीच क्रंची डेटा घेतली. टॉम लेन क्रंचीतच होते. पगार देणाऱ्यांची संख्या अशीच घटत गेली, तर निम्म्याचा संकेत सांभाळणं अवघड होईल. दुसरी दुखरी जागा म्हणजे एक्स्टेंशन. गाभा मुक्त असला तरी आपण ज्याच्यावर उभे आहोत ते एक्स्टेंशन तसं असेलच असं नाही. टाइमस्केलच्या कित्येक महत्त्वाच्या सोयी २०१८ पासून कंपनीच्या वेगळ्या परवान्याखाली आहेत, आणि त्यामुळे दुसऱ्या क्लाउडवर त्या मिळत नाहीत. तिसरी गोष्ट, पोस्टग्रेससारखं बोलणारा प्रत्येक डेटाबेस पोस्टग्रेस नसतो. ॲमेझॉनच्या ऑरोराचा साठवणुकीचा थर बंद आहे. तिथून बाहेर पडायचं तर डेटा काढता येतो, ती वागणूक सोबत येत नाही. जुनी दुखणीही आहेतच: दर जोडणीला एक प्रोसेस, त्यामुळे पीजीबाउन्सरची गरज, आणि व्हॅक्यूमकडे दुर्लक्ष केलं की ३२ बिटांच्या व्यवहार-क्रमांकांचं संकट.

तरी दिशा चांगली आहे. सप्टेंबर २०२५ च्या अठराव्या आवृत्तीत डिस्कवरून वाचण्याचं काम असिंक्रोनस झालं, कालक्रमाने वाढणारे यूयूआयडी आतच मिळू लागले आणि मोठ्या अपग्रेडनंतर प्लॅनरची आकडेवारी शाबूत राहू लागली. शेवटची सोय ऐकायला किरकोळ वाटते. अपग्रेडनंतर पहिल्या तासात संथ क्वेऱ्यांनी ज्यांना घाम फोडलाय त्यांना तिची किंमत विचारा.

या चौकटीत न बसणारे दोन डेटाबेस आहेत. एसक्यूलाइट डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहायला घेतलं. कोड थेट सार्वजनिक मालकीत आहे, बाहेरचे पॅच साधारणतः घेतले जात नाहीत आणि मूठभर माणसं ते सांभाळतात. परवानाच नसल्याने तो बदलण्याचा प्रश्न येत नाही. पण त्यांच्या कडक चाचण्यांचा टीएच-३ हा संच बंद आहे. कोड घेऊन फोर्क करणं सोपं, त्या दर्जाची खात्री देणं अवघड. २०२२ मध्ये लिबएसक्यूएल हा फोर्क निघाला त्याला हीच चढण चढावी लागते. एसक्यूलाइट २०५० पर्यंत सांभाळण्याचा संकल्प त्याच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे. डकडीबीने दुसरा मार्ग घेतला: बौद्धिक हक्क नेदरलँड्समधल्या ना-नफा फाउंडेशनकडे, धंदा डकडीबी लॅब्सकडे. नवा डेटाबेस सुरू करणाऱ्यांसाठी ही मला सर्वांत प्रामाणिक रचना वाटते, कारण शब्दाऐवजी कायदेशीर बंधन तिथे पहिल्यापासून आहे.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. मुंबईच्या फ्रॅपेने बनवलेलं ईआरपीनेक्स्ट स्वतः जीपीएलखाली आहे आणि मारियाडीबी व रेडिसवर चालतं. रेडिसचा परवाना बदलल्यावर त्याची झळ अशा प्रत्येक स्थापनेच्या पॅकेज-यादीपर्यंत येते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या ओपन सोर्स धोरणात कोड अभ्यासण्याचं, बदलण्याचं आणि पुन्हा वाटण्याचं स्वातंत्र्य अपेक्षित आहे. निविदेत ओपन सोर्स लिहून आत एसएसपीएल किंवा बीएसएलचं सॉफ्टवेअर बसवणं त्या धोरणाशी जुळत नाही, आणि तपासणी करणाऱ्याने ते विचारायला हवं.

स्वतःचं ॲप चालवणाऱ्या बहुतेकांच्या रोजच्या कामात एसएसपीएल किंवा एजीपीएलने काही अडत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. ड्रायव्हरमधून जोडणाऱ्या ॲपचा कोड उघडा करावा लागत नाही. अडचण येते ती ग्राहकाला डेटाबेसच होस्ट करून देणाऱ्यांना, आपल्या उत्पादनात तो घालून विकणाऱ्यांना आणि ज्यांच्या ग्राहक कंपनीने एजीपीएलवर सरसकट बंदी घातलेली आहे त्यांना. गूगलची अशी बंदी जाहीर आहे. बाकीच्यांना फटका बसतो तो उशिराने: डिस्ट्रोतून पॅकेज जातं, सुरक्षा-पॅच कुठून घ्यायचे ते बदलतं, दर वाढले तर जाण्याची वाट अरुंद होते.

सध्या सर्वांत जास्त लोकांपुढे असलेला निर्णय मायएसक्यूएल ८.० चा आहे. त्याच्या आधाराची मुदत एप्रिल २०२६ ची. ८.४ ही दीर्घकालीन आवृत्ती सर्वांत सोपी, आणि तिच्यासोबत ओरॅकलची सहीही येते. ज्यांच्याकडे वेळ आणि माणसं कमी आहेत त्यांनी ती निःसंकोच घ्यावी. मारियाडीबी आता जशीच्या तशी बदली राहिलेली नाही: जीटीआयडी वेगळे आहेत, आणि जेसन तिथे मजकुराचंच दुसरं नाव आहे, त्यामुळे जेसनवर भिस्त असलेल्या क्वेऱ्या आधी तपासाव्या लागतील. पोस्टग्रेसवर जाणं सर्वांत कष्टाचं, आणि पाच-दहा वर्षं चालणाऱ्या उत्पादनासाठी माझं मत तिकडेच पडतं. डेटा हलवायला पीजीलोडर आहे. खरा वेळ जातो तो स्टोअर्ड प्रोसिजर आणि मजकुराच्या तुलनेत. मायएसक्यूएल नेहमीच्या मांडणीत लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच मानतं, पोस्टग्रेस मानत नाही. पहिल्याच दिवशी ई-मेलमधलं एक अक्षर मोठं टाइप करणाऱ्यांचं लॉगिन अडतं, आणि यूनिक इंडेक्स एकाच माणसाची दोन खाती निमूटपणे स्वीकारतो. स्थलांतराची पहिली चाचणी त्या कॉलमवर लिहावी.